काचेच्या बरणीतली आजी

परवा एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांच्या मुलाने हौसेने हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक केलाय. निळा लाइट, पंप, दगड, सगळं साग्रसंगीत. दोन नारिंगी क्लाउनफिश इकडून तिकडे फिरत होते. मी सहज विचारलं, "अरे, यांचं समुद्रफूल कुठंय?" तो म्हणाला, "काका, तीन आणली. एक पंपात ओढलं गेलं. एक महिनाभर आक्रसत गेलं आणि विरघळलं. तिसऱ्याने मरताना अख्ख्या टँकचं पाणी नासवलं. दुकानदार म्हणाला होता, काही करावं लागत नाही."

समुद्रफूल म्हणजे सी ॲनिमोन. दिसतं फुलासारखं, पण आहे प्राणी. जेलीफिश आणि प्रवाळांच्या नात्यातला. खडकाला चिकटून बसतो, डंख मारणाऱ्या बोटांनी भक्ष्य पकडतो.

घरी आल्यावर मला एका आजीची आठवण झाली. माणसाची नाही, समुद्रफुलाचीच आजी! गोष्ट स्कॉटलंडची आहे. जरा लांबून जाते, पण येते आपल्यापर्यंतच.

१८२८ साली सर जॉन डॅलियेल नावाच्या निसर्गअभ्यासकाने नॉर्थ बेरिक इथल्या किनाऱ्यावरच्या खडकातून एक लालसर समुद्रफूल उचललं आणि एडिंबरोला काचेच्या बरणीत ठेवलं. तेव्हा पंप नव्हते, फिल्टर नव्हते, वीजच नव्हती. डॅलियेलने काय केलं? समुद्राचं ताजं पाणी आणायला माणूस लावला, बरणीतलं पाणी नियमित बदललं, अधूनमधून शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा खायला दिला. बस्स. त्या प्राण्याने बरणीत शेकडो पिल्लांना जन्म दिला आणि त्याचं नावच पडलं 'ग्रॅनी', म्हणजे आजी.

१८५१ साली डॅलियेल गेला. आजी जिवंतच. मग ती प्राध्यापक जॉन फ्लेमिंग यांच्याकडे गेली. तेही गेले. पुढे डॉ. मॅकबेन यांच्याकडे आणि शेवटी एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधल्या रॉबर्ट लिंडसे यांच्याकडे. १८८७ च्या ऑगस्टमध्ये आजीने प्राण सोडला. तब्बल ५९ वर्षं बरणीत! तिच्यावर वर्तमानपत्रात मृत्युलेखसुद्धा छापून आला.

एकामागून एका माणसाने तो एक जीव सांभाळला. घरातला देव्हारा जसा एका पिढीकडून दुसरीकडे जातो ना, तसाच.

आता याच काळातली दुसरी बाजू बघा.

१८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीतला मोठा धर्माधिकारी. पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून ते पाणी उघड्या खिडकीसमोर या भांड्यातून त्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत बसावं लागे. हे काम कोण करायचं? घरातली लहान मोलकरीण. बाईंनी नंतर लिहिलंय की काम थकवणारं होतं खरं, पण त्या पोरीला त्यात गंमत वाटायची. पोरीला काय वाटायचं ते पोरीने कुठे लिहिलेलं नाही. आज आपण ज्याला एअर पंप म्हणतो, त्याचं पहिलं मॉडेल म्हणजे ही मुलगी. इतिहासात तिचं नावही नाही.

पुढच्याच वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ घातलं. शेवाळ प्राणवायू देतं, प्राणी जगतात. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात मासे, वनस्पती आणि गोगलगायी यांचा असाच मेळ कसा बसतो ते मांडलं. त्याआधी १८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला होता, म्हणजे काच स्वस्त. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. विज्ञान, काच आणि रेल्वे, तिन्ही जमून आलं. ठिणगी तेवढी हवी होती.

ती टाकली फिलिप हेन्री गॉस याने. अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती आणि तितकाच बारकाईने बघणारा निसर्गलेखक. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यासाठी त्याने किनाऱ्यावरून प्राणी पुरवले. १८५४ साली त्याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं. 'ॲक्वेरियम' हा शब्द घराघरात नेला तो यानेच. रंगीत चित्रं, सोपी भाषा, घरी टँक कसा करायचा याची माहिती. लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं.

आणि मग लाट आली. दिवाणखान्यात टँक नसेल तर कमीपणा वाटायला लागला. लंडनमध्ये विल्यम आल्फर्ड लॉइडने जिवंत समुद्री प्राण्यांचं दुकानच काढलं. सुट्टीत लोक टोपल्या, बरण्या, छिन्नी-हातोडा घेऊन किनाऱ्यावर उतरायचे. समुद्रफूल खडकाला घट्ट चिकटलेलं असतं, ते ओढून फाटतं. म्हणून खडकाचाच तुकडा काढायचा. घरी नेल्यावर बहुतेकांचं व्हायचं तेच, जे आमच्या स्नेह्यांच्या मुलाचं झालं. पाणी नासलं, प्राणी मेले, पुढच्या सुट्टीत नवे आणले. दहा-पंधरा वर्षांत फॅशन ओसरली. टँक माळ्यावर गेले. पण ओरबाडलेले खडक तसेच राहिले.

गॉसचा मुलगा एडमंड लहानपणी बापाबरोबर या खडकांवर फिरलेला. १९०७ साली त्याने बापावर पुस्तक लिहिलं, 'फादर अँड सन'. त्यात त्याने मन मोकळं केलंय. खडकांमधली ती जिवंत सुंदर दुनिया हजारो वर्षं टिकली, कारण माणसाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. लक्ष गेलं आणि ती संपली. आणि ते लक्ष वेधलं त्याच्याच वडिलांच्या पुस्तकांनी. वडिलांनाही हे दिसलं होतं आणि त्याचं त्यांना फार दुःख झालं, असंही तो सांगतो.

मला या इतिहासातली ही सगळ्यात बोचरी गोष्ट वाटते. किनारा कुणा दुष्ट माणसाने संपवला नाही. प्रेमाने संपवला.

आता आपल्याकडे या. आजी ५९ वर्षं जगली, मग त्या मुलाची तिन्ही का मेली? आजी होती थंड समुद्रातल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली. ऊन, पाऊस, पाणी कमी-जास्त होणं, सगळं सोसणारी काटक जात. क्लाउनफिश राहतात ती उष्ण समुद्रातली समुद्रफुलं वेगळी. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं, ते प्रकाशावर अन्न तयार करतं. प्रकाश कमी पडला किंवा पाणी तापलं की शेवाळ जातं, प्राणी पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. शिवाय जागा आवडली नाही की तो सरकत निघतो आणि पंपात जातो. क्लाउनफिशची पैदास आता टँकमध्ये होते. समुद्रफुलांत मात्र बबल टिप नावाची जात टँकमध्ये स्वतःचे दोन तुकडे करून वाढते, बाकीची बहुतांश आजही समुद्रातूनच उचललेली असतात.

कायद्याचं म्हणाल तर प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. २०१७ साली केंद्राने मत्स्यटाक्यांच्या दुकानांसाठी कडक नियम काढले, विरोध झाला आणि ते काही महिन्यांत मागे घेतले गेले.

आणि मुंबईकरांनो, समुद्रफूल बघायला विकत आणावं लागतच नाही. मोठ्या ओहोटीला आपल्या खडकाळ किनाऱ्यांवरच्या डबक्यांत ती उघडीवाघडी बसलेली दिसतात. कोस्टल रोडच्या वेळी वरळी-हाजीअलीचे प्रवाळ हलवायची वेळ आली, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की मुंबईत प्रवाळ आहेत! एडमंड म्हणतो की लक्ष गेलं आणि संपलं. आपल्याकडे लक्ष न जाताच संपायची पाळी आहे.

तेव्हा मुलांना ओहोटीला घेऊन जा. बघू द्या, फोटो काढू द्या. बरणी मात्र घरीच ठेवा. आणि टँक करायचाच असेल तर आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: माझ्यानंतर हे कोण सांभाळणार? डॅलियेलकडे याचं उत्तर होतं, म्हणून आजी जगली.