वस्तूची नोंद आणि वस्तूची गोष्ट

हिवरा आश्रमाच्या पंचक्रोशीतील वृद्धांस मेहकरच्या शारंगधर बालाजीविषयी विचारून पाहावे. काळ्या पाषाणाची ती भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली, एवढे सांगून ते थांबत नाहीत. साहेब ती विलायतेस नेईल या भयाने गावकऱ्यांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठापना केली, हेही ते सांगतात. पहिली झाली नोंद, दुसरी गोष्ट. मूर्ती गावाची कशी झाली, हे गोष्टीवाचून कळत नाही.

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचा (१८९६–१९९०) संग्रह पाहताना आम्हांस हेच जाणवते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्री, वाद्ये अशा हजारो वस्तू जमविल्या. संग्रहालयास त्यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव दिले. हे ज्यास ठाऊक आहे, तो त्या दालनांतून निराळ्याच मनाने फिरतो.

आता संग्रहालये संगणकावर येऊ लागली आहेत. पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' नावाची प्रणाली तयार केली; तिच्या आधारे राष्ट्रीय संग्रहालयांतील वस्तू इंटरनेटवर घरबसल्या पाहता येतात. ही सोय मोठी खरी. परंतु वस्तूचे नाव, धातू, मोजमाप, काळ आणि क्रमांक एवढीच नोंद असेल, तर ती अभ्यासकाच्या कामाची. आजच्या मुलास 'वज्री' हा शब्दच ठाऊक नाही. मग तो शोधणार कसा? दिवसभर अनवाणी राबून आलेली आजी वज्रीने टाचा घासत असे, एवढे सांगितले की तो ती वस्तू आपण होऊन पाहू लागेल.

यावर कोणी म्हणेल, गोष्टी म्हणजे इतिहास नव्हे. आम्हांस हे मान्य आहे. म्हणूनच नोंद आणि गोष्ट एकमेकींत मिसळू नयेत. शेजारी शेजारी असाव्यात. गोष्ट कोणी सांगितली, कोठे, केव्हा, हे तिच्याखाली लिहावे. दंतकथेस दंतकथाच म्हणावे. मग अभ्यासकाची फसगत होणार नाही आणि सामान्य माणूसही दाराबाहेर राहणार नाही.

जुन्या वस्तूचे छायाचित्र पुढच्या वर्षीही घेता येईल. तिची गोष्ट सांगणारी माणसे मात्र थोडी उरली आहेत. तेव्हा घरी गेल्यावर आधी त्यांच्यापाशी बसावे आणि ती सांगतील ते लिहून घ्यावे, एवढीच आमची विनंती.