अंगावरचा काटा

पौष महिन्यातली धरणगावची पहाट ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना अंगावर काटा येणे म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. तापीच्या खोऱ्यातला कोरडा, गार वारा उघड्या हाताला लागला की कातडीवर बारीक बारीक फोडासारखे उंचवटे उभे राहतात. पण हा काटा क्षणाचा पाहुणा. घोंगडी पांघरली, शेकोटीपाशी बसले, की तो आला तसा जातो.

काही मुलांच्या दंडांवर व मांड्यांवर मात्र असाच काटा उन्हातही दिसतो. तो मावळत नाही, हाताला खरखरीत लागतो. मग घरात कुजबुज सुरू होते. हे काय उठले? दुसऱ्याला लागेल काय? मुलगी असली तर लग्नाची काळजी आधी. ही भीती कोठून आली आणि आज ती कितपत खरी, एवढेच आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रथम खऱ्या काट्याविषयी. आपल्या पूर्वजांनी त्याला मोठा मान दिला. भरताच्या नाट्यशास्त्रात जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत रोमांच हा एक. पुराणे सांगणाऱ्या सूतांचे नावच रोमहर्षण. त्यांचे कथन ऐकून श्रोत्यांच्या अंगावर रोमांच उभे राहत, म्हणून ते नाव पडले असे पुराणेच सांगतात. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या अंगावरही रोमांच उभे राहतात, पण ते विषादाने. म्हणजे हर्ष असो, भय असो की हीव असो, काटा एकच, हे जुन्या लोकांनी बरोबर टिपले होते.

त्याचे कारण शास्त्राने पुढे सांगितले. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. थंडी वाजली किंवा मन हलले, की मज्जातंतूंच्या द्वारे त्याला निरोप पोचतो. तो आखडतो, केस ताठ होतो आणि भोवतालची कातडी वर उचलली जाते. कुत्रा समोर आला की मांजर कसे फुगते ते आठवा. डार्विनने 1872 साली भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला, त्यात प्राण्यांच्या या केस उभारण्याचा विचार केला आहे. दाट केसांत हवा कोंडून ऊब राहते आणि शत्रूला अंग मोठे दिसते. आपले केस विरळ झाले, स्नायू मात्र राहिले!

आता भीतीकडे वळू. ती उगीच आली नाही. एके काळी अंगावर पुरळ उठले की घरादाराचा थरकाप होई, कारण ती देवी असू शके. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातली ही पहिली लस. पुढे गावोगाव देवीडॉक्टर हिंडू लागले. 1975 नंतर भारतात देवीचा रोगी आढळलेला नाही, आणि 1980 साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. दुसरी भीती कुष्ठरोगाची. त्याचा जंतू हॅन्सेन यांनी 1873 साली शोधला, तरी समाजाची नजर बदलली नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही हा रोग घटस्फोटाचे एक कारण होता; ते कलम 2019 साली निघाले. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. आणि त्याची खूण म्हणजे काटा नव्हे, तर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा.

मग तो न मावळणारा काटा म्हणजे काय? डॉक्टर त्याला केराटोसिस पिलारिस म्हणतात. कातडीतले केराटिन नावाचे द्रव्य केसाच्या तोंडाशी साचते व त्याचे बूच बसते, एवढेच. हा रोग म्हणावयासही संकोच वाटावा. तो कोणाला लागत नाही. पुष्कळदा आईबापांकडून येतो, वयात येताना वाढतो आणि तिशीच्या सुमारास बहुधा आपोआप ओसरतो. कोरड्या थंडीत जास्त दिसतो. म्हणून आपल्या खानदेशच्या हिवाळ्यात तो डोळ्यांत भरतो. दगडाने घासू नये, नखाने कोरू नये. सौम्य साबणाने अंघोळ करावी आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावावे, इतके पुरे.

एक इशारा मात्र शिक्षकबंधूंनी ध्यानात ठेवावा. कोपरे व गुडघे यांवर कठीण, काटेरी पुरळ असेल आणि मूल खंगलेले असेल, तर दोष अन्नाचा असू शकतो. सिलोनमधील डॉक्टर निकोल्स यांनी 1933 साली अशा कातडीचे वर्णन करून तिला बेडकाच्या कातडीवरून नाव दिले. भारतात अशा रोग्यांना करडईच्या तेलाचा आणि ब जीवनसत्त्वांचा गुण आला. त्याच मुलाला संध्याकाळी दिसेनासे होत असेल तर अ जीवनसत्त्वाची उणीव समजावी आणि त्याला लगेच आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे गरज आहे ती पोटभर, चौरस आहाराची. वाळीत टाकण्याची नव्हे.

तेव्हा वर्गात एखादी मुलगी भर उन्हाळ्यात लांब बाह्या ओढून बसली, तर तिला सर्वांसमोर कारण विचारू नका. शरीरशास्त्राचा धडा येईल तेव्हा केसाच्या मुळाची आकृती फळ्यावर काढा आणि हा काटा कसा होतो, तो का लागत नाही, हे साऱ्या वर्गाला समजावून सांगा. देवी गेली, कुष्ठरोगावर औषध आले. त्या काळची संशयी नजर तेवढी मागे राहिली आहे. ती घालविण्याचे काम लस करणार नाही, ते तुमचे आमचे आहे.