पुण्याची वेळ नेमकी कोणाची? घटिकापात्रापासून रेडिओ-घड्याळापर्यंत

१/
पुण्यात घड्याळाचे दोन्ही काटे बारावर येतात, तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला नसतो. खरी माध्यान्ह त्यानंतर सरासरीने साडेचौतीस मिनिटांनी होते. नोव्हेंबरच्या आरंभी ती १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास येते, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४९ मिनिटांपर्यंत लांबते. हा फरक निसर्गाने केलेला नाही. तो १९०६ मध्ये एका सरकारी निर्णयाने निर्माण झाला.

२/
दुसरे एक कोडे आजचे आहे. सूर्यप्रकाशावर चालणारे आणि रेडिओ-लहरी ऐकून रोज स्वतःची चूक दुरुस्त करणारे पुरुषांचे मनगटी घड्याळ टोकियो वा फ्रँकफर्टमध्ये क्वचितच एका सेकंदाने चुकते. तेच घड्याळ पुण्यातील मनगटावर आले की बहिरे होते. ते बिघडलेले नसते. त्याला ऐकू येईल असे बोलणारे येथे कोणी नसते. या दोन्ही कोड्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: वेळ ठरवण्याचा आणि ती सर्वांपर्यंत पोचवण्याचा अधिकार कोणाचा?

३/
आरंभ पाण्यापासून करावा लागतो. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे वाटीसारखे पात्र घंगाळातील पाण्यावर सोडले, की ते हळूहळू भरत जाऊन बुडते. हे घटिकापात्र. एकदा बुडायला लागणारा वेळ म्हणजे एक घटका, आजच्या हिशेबाने २४ मिनिटे. दोन घटकांचा एक मुहूर्त, साठ घटकांचे एक अहोरात्र. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्या बुडणाऱ्या पात्रातून मराठीत आला. ‘तास’ या शब्दाचाही एक जुना अर्थ वेळ कळवण्यासाठी ठोकायची धातूची थाळी असा आहे.

४/
या व्यवस्थेचा कणा स्थानिक सूर्य होता. घटिकापात्र पाण्यात सोडायचे ते सूर्योदय किंवा सूर्यास्त पाहून. त्यामुळे पुण्याची वेळ पुण्याचीच असे; साताऱ्याची किंवा नाशिकची वेळ किती, हे विचारण्याची गरजच कोणाला पडत नसे. पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्यात रात्री इशाऱ्याची तोफ उडाली, की रस्त्यावर हिंडण्यास मनाई असे. म्हणजे वेळ जाहीर करणे हे सत्तेचे काम तेव्हाही होतेच. फक्त त्या सत्तेची हद्द तोफेच्या आवाजापुरती होती.

५/
ही हद्द मोडली ती रेल्वेने आणि तारायंत्राने. १८५८ मध्ये रेल्वे पुण्यापर्यंत पोचली आणि १८६३ मध्ये भोरघाटातील मार्ग पुरा झाल्यावर मुंबई-पुणे प्रवास सलग झाला. गाडीचे वेळापत्रक गावोगावच्या सूर्यावर चालू शकत नाही. पुण्याची स्थानिक वेळ मुंबईच्या सुमारे चार मिनिटे पुढे आणि मद्रासच्या सुमारे पंचवीस मिनिटे मागे. रेल्वे व तारखात्याने पुढे मुंबई आणि कलकत्ता यांच्या मधली सोय म्हणून मद्रासच्या वेधशाळेची वेळ स्वीकारली. ही वेधशाळा १७९२ पासून कार्यरत होती. आता स्थानकाची वेळ वेगळी आणि घराच्या अंगणातील वेळ वेगळी, असा संसार सुरू झाला.

६/
त्याच काळात पुण्यात वेळेचा दुसरा, अधिक खोल वाद चालू होता. जुन्या ग्रंथांवरून केलेले पंचांगातील गणित आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारे ग्रह यांचा मेळ बसत नव्हता. केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) यांनी नव्या वेधांवर आधारलेले गणित पंचांगात आणले. १८६५ पासून निघालेले ते पंचांग ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून ओळखले गेले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून या साऱ्या परंपरेचा चिकित्सक इतिहास मांडला. परंपरेतील गणना आकाशाशी पडताळून पाहायची आणि चुकत असेल तर दुरुस्त करायची, ही त्यांची भूमिका होती.

७/
सरकारची भूमिका वेगळी होती. १८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतही मद्रास वेळ लागू केली. (पुण्यात १८८५ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयाला नाव मिळाले ते याच गृहस्थांचे.) मुंबईकरांना हा बदल रुचला नाही. विद्यापीठाच्या मनोऱ्यावरील, म्हणजे राजाबाई टॉवरवरील घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, हाही वादाचा विषय झाला. अखेर १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली.

८/
दुसरा प्रयत्न टिकला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. तिचा आधार ८२.५ अंश पूर्व रेखांश, म्हणजे ग्रीनिचपेक्षा बरोबर साडेपाच तास पुढे. मुंबईची घड्याळे सुमारे ३९ मिनिटे पुढे सरकली आणि पुण्याची साडेचौतीस. पुण्याच्या घड्याळातील बारा आणि सूर्याचे बारा यांची फारकत झाली ती त्या दिवशी.

९/
या बदलाची वेळही ध्यानात घ्यावी. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी अमलात आली होती आणि त्याच महिन्यात पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली होती. अशा वातावरणात घड्याळाचा काटाही राजकीय ठरला. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत असंतोष उसळला. त्यांचे कारण साधे होते: घड्याळ पुढे सरकले, पण पगार किंवा सूर्य काही सरकला नाही. भोंगा ‘त्याच’ वेळी वाजला, तरी कामगाराला प्रत्यक्षात अंधाराच्या अधिक जवळ घर सोडावे लागणार होते.

१०/
मुंबईच्या नगरपालिकेने आपल्या घड्याळांसाठी ‘मुंबई वेळ’ पुन्हा आणली आणि ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकली. दुसऱ्या महायुद्धात त्यात आणखी गुंता झाला. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशाची प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे होती. म्हणजे त्या तीन वर्षांत पुण्यातील सरासरी माध्यान्ह घड्याळात १ वाजून साडेचौतीस मिनिटांनी होत असे.

११/
प्रमाणवेळ ठरवणे एक आणि ती पोचवणे दुसरे. विसाव्या शतकात हे काम रेडिओने केले. १९१० पासून पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून वेळेचे संकेत जाऊ लागले. फेब्रुवारी १९२४ मध्ये बीबीसीने तासाचे ठोके सुरू केले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले आणि बातम्यांच्या आधीची ‘पिप्-पिप्’ ऐकून मनगटावरचे घड्याळ लावणे हा घरोघरीचा नित्यक्रम झाला. माणूस कानाने ऐके आणि बोटांनी चावी फिरवी. रेडिओ-घड्याळाने हीच दोन कामे यंत्राकडे सोपवली.

१२/
त्या घड्याळाची रचना अशी. तबकडीखाली सौरघट असतो. अर्धपारदर्शक तबकडीतून झिरपणारा प्रकाश विजेत बदलून तो आतील पुनर्भारित होणाऱ्या घटात साठवला जातो. कालगणना करतो तो क्वार्ट्झचा स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ कंपने करून. परंतु साधे क्वार्ट्झ महिन्याला पंधराएक सेकंद चुकू शकते. म्हणून आत एक इवलासा अँटेना असतो. रात्रीच्या निवांत वेळी तो दीर्घ लहरींवरचा संकेत ऐकतो. तासमिनिटे आणि तारीख यांची सांकेतिक भाषा सेकंदाला एक खूण या गतीने येते, पुरा संदेश एका मिनिटात संपतो आणि काटे आपोआप जागेवर येतात.

१३/
प्रकाशावर चालणारे काट्यांचे पहिले घड्याळ सिटिझन कंपनीने १९७६ मध्ये आणले. रेडिओ ऐकणारे पहिले मनगटी घड्याळ जर्मनीच्या युंगहान्सचे, १९९० चे. त्याचा अँटेना चक्क पट्ट्यात बसवलेला होता. दोन्ही गुण पुढे एकत्र आले. येथे एक भारतीय धागा आहे. १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीने घड्याळे बनवण्यास आरंभ केला तो याच सिटिझनच्या सहकार्याने. पुण्यातील कितीतरी घरांत पहिल्या पगाराचे किंवा लग्नातील घड्याळ एचएमटीचे होते. सिटिझन सौर आणि रेडिओ तंत्राकडे गेली. एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्यास सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली.

१४/
आता पुण्यातील बहिरेपणाचे कारण. असे संकेत देणारी केंद्रे मोजकी आहेत: जर्मनीत माइनफ्लिंगेन (७७.५ किलोहर्ट्झ), ब्रिटनमध्ये अँथॉर्न (६०), अमेरिकेत फोर्ट कॉलिन्स (६०), जपानमध्ये दोन (४० व ६०) आणि चीनमध्ये शांगच्यू (६८.५). त्यांची भरवशाची मजल हजार ते दोन-तीन हजार किलोमीटर. पुण्याला सर्वांत जवळचे शांगच्यू, तेही सुमारे साडेचार हजार किलोमीटरवर. माइनफ्लिंगेन साडेसहा हजारांच्या पुढे. अशा अनेक घड्याळांच्या माहितीपुस्तिकेत लहरी मिळणाऱ्या शहरांच्या यादीत दिल्लीचे नावच नसते. दिल्ली असते ती फक्त ‘साडेपाच तास’ म्हणून.

१५/
भारताने प्रयत्न केला नाही, असे नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने ‘एटीए’ या नावाने लघुलहरींवर वेळेचे संकेत दीर्घकाळ प्रसारित केले. ते प्रयोगशाळा, जहाजे, अभियंते यांच्या उपयोगाचे होते. मनगटी घड्याळाला कळणाऱ्या दीर्घ लहरींचे नव्हते. पुढे तेही बंद झाले. देशाची वेळ राखणारी अणुघड्याळे त्या प्रयोगशाळेत आजही चालू आहेत. मात्र त्यांचा आवाज पुण्यातील मनगटापर्यंत येत नाही.

१६/
त्यामुळे असे घड्याळ बाळगणारा पुणेकर वेगळे मार्ग शोधतो. एक मार्ग मोठा चतुर आहे. जपानी संकेताची नक्कल करणारे मोबाइल ॲप १३.३३ किलोहर्ट्झचा ध्वनी वाजवते. त्याची तिसरी पट म्हणजे बरोबर ४० किलोहर्ट्झ. इअरफोनच्या वेटोळ्यातून निसटणारे ते क्षीण चुंबकीय कंपन शेजारी ठेवलेल्या घड्याळाला जपानचे केंद्र वाटते आणि ते स्वतःला जुळवून घेते. संकेत जपानच्या वेळेचा, भारताच्या साडेतीन तास पुढचा; वजाबाकी घड्याळाने करायची.

१७/
उपग्रहांकडून वेळ घेणारी सौर घड्याळे २०११-१२ पासून आली आणि ती पुण्यातही चालतात. परंतु जीपीएसचे उपग्रह अमेरिकेचे. भारताच्या ‘नाविक’ प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. त्यातील आयात केलेली रुबिडियम अणुघड्याळे पुढे निकामी झाली. त्यानंतर २९ मे २०२३ रोजी झेपावलेल्या ‘एनव्हीएस-०१’ मध्ये प्रथमच भारतात घडवलेले अणुघड्याळ होते. ही बाब अभिमानापुरती नाही. वीजजाळे, बँकांचे व्यवहार, मोबाइलचे मनोरे हे सारे सेकंदाच्या सूक्ष्म अंशांवर चालतात. वेळ उसनी असेल, तर ती बंद करण्याची कळही दुसऱ्याच्या हाती असते.

१८/
जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने भारतीय प्रमाणवेळ सर्व अधिकृत व व्यापारी व्यवहारांत बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. दिल्लीची वेळ अहमदाबाद, बंगळूर, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी येथील प्रयोगशाळांमार्फत देशभर पोचवण्याची ही योजना आहे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ लादली गेली म्हणून लोक रागावले होते. आज तीच वेळ आपली मानून परक्या संकेतांपासून राखण्याची खटपट चालू आहे. एकशे वीस वर्षांत साडेपाच तासांचा आकडा तसाच राहिला; त्याची मालकी बदलली.

१९/
पुण्याकडे आणखी एक घड्याळ आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या महाकाय दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या स्पंदक ताऱ्यांचे रेडिओ-ठोके टिपतात. या ताऱ्यांची नियमितता अणुघड्याळांच्या पंगतीत बसणारी आहे. जून २०२३ मध्ये या वेधांतून, युरोपीय संशोधकांच्या साथीने, अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर झाल्या. छत्रे-दीक्षितांनी धरलेला आग्रह, आकाश पाहून गणित तपासण्याचा, तेथे आजही चालू आहे.

२०/
लग्नपत्रिकेवर ‘१२ वाजून ३७ मिनिटांनी’ असा विचित्र आकडा दिसला, तर त्यामागची गंमत आता कळेल. मुहूर्त त्या गावच्या सूर्याशी बांधलेला, घड्याळ ८२.५ अंश रेखांशाशी. मधली मिनिटे म्हणजे १९०६ चा इतिहास. पुण्यातील सौर रेडिओ-घड्याळ ऊर्जा घेते ती पुण्याच्या सूर्याकडून, पण त्या सूर्याची वेळ मात्र सांगत नाही. आणि ज्या वेळेसाठी ते कान लावून बसते, ती सांगणारे केंद्र अजून या देशात उभे राहिलेले नाही.