वळचणीची फट आणि मलेरिया

"डॉक्टर, सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या, तिन्हीसांजेला दार लावून घेतो, तरी डास येतात कुठून?" पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न दवाखान्यात ठरलेला. मी उलट विचारतो, घर स्लॅबचं आहे की पत्र्याचं? पत्र्याचं किंवा कौलारू असेल तर एकदा मान वर करून बघा. भिंत संपते आणि छप्पर सुरू होतं, त्या दोघांमध्ये चार बोटांची फट असते. गॅरेज, गोठा, शेड, वॉचमनची खोली इथे तर ती हमखास असते. आपण तिला वळचण म्हणतो आणि चिमण्यांची जागा समजून सोडून देतो.

या फटीचा मलेरियाशी जवळचा संबंध आहे, आणि त्यामागचा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

२० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादमध्ये डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. पण मलेरिया खराब हवेमुळे होतो हा समज शेकडो वर्षं जुना होता. इटालियन भाषेत 'मलेरिया' या शब्दाचा अर्थच मुळी खराब हवा. तो समज एका शोधाने थोडाच जाणार?

म्हणून १९०० च्या उन्हाळ्यात पॅट्रिक मॅन्सन यांनी एक साधा प्रयोग आखला. रोमजवळच्या ओस्तियाच्या दलदलीत, जिथे उन्हाळ्यात तापाने माणसं आजारी पडायचीच, तिथे त्यांनी जाळ्या लावलेली एक लाकडी झोपडी उभारली. सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर, तेर्झी नावाचा चित्रकार आणि दोन नोकर तिच्यात राहायला गेले. दिवसभर बाहेर फिरायचं, तीच 'खराब' हवा घ्यायची, पण सूर्यास्ताआधी आत येऊन दार बंद करायचं. क्विनीन घ्यायचं नाही. पावसाळी शरद ऋतूपर्यंत ते तिथे राहिले आणि एकालाही मलेरिया झाला नाही. त्याच सुमारास रोममधल्या रुग्णांना चावलेले डास लंडनला पाठवले गेले आणि मॅन्सन यांच्या तरुण मुलाने ते स्वतःला चावून घेतले. त्याला लंडनमध्ये बसल्या जागी मलेरियाचा ताप आला. (क्विनीनने तो बरा झाला. वडिलांना त्या रात्री झोप कशी लागली असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.)

त्याच वर्षी ग्रासी यांनी दक्षिण इटलीत रेल्वे कामगारांची घरं अशीच जाळीबंद केली. ११२ जणांपैकी फक्त पाच जणांना मलेरिया झाला. आजूबाजूच्या उघड्या घरांत जवळजवळ सगळेच आजारी पडले.

मग हा उपाय मागे का पडला? डीडीटीमुळे. १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण कळला आणि पुढे घराघरांत भिंतींवर फवारणी सुरू झाली. डास रक्त पिऊन भिंतीवर बसतो आणि तिथेच मरतो, मग फट बुजवायची गरजच काय! भारतात १९५३ पासून मोहीम चालली, साठच्या दशकात रुग्ण लाखभरावर आले. पुढे डासांना औषधाची सवय झाली, मोहीमही ढिली पडली आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. औषध फवारणाऱ्याची वाट बघावी लागते; भिंतीला लावलेली जाळी तिथेच असते. माझ्या मते आपण ती फार लवकर विसरलो.

आफ्रिकेत संशोधक पुन्हा तिच्याकडे वळले. तिथला मलेरियाचा मुख्य डास घराकडे येतो, भिंत आडवी आली की वर उडतो आणि सरळ छपराखालच्या फटीतून आत शिरतो. आपल्या गटारांतला क्युलेक्स मात्र बहुतेक दारातूनच येतो. गांबियात सुमारे ५०० घरांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दारं-खिडक्यांना जाळ्या आणि वळचणीची फट बंद असलेल्या घरांत रात्री सरासरी १५ डास सापडले, उघड्या घरांत ३७. फक्त जाळीचं छत लावलेल्या घरांत १९. उघड्या घरांतल्या १९ टक्के मुलांना रक्तक्षय होता, जाळीच्या घरांत १२ टक्के. रक्तातल्या जंतूंच्या प्रमाणात मात्र स्पष्ट फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. म्हणजे मच्छरदाणी आणि उपचार यांना हा पर्याय नाही, जोड आहे.

आता तुमच्या पत्र्याच्या शेडबद्दल. फट सिमेंट किंवा फोमने पूर्ण बुजवू नका, विशेषतः आत गाडी, जनरेटर किंवा चूल असेल तर. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेत जीव घेतो. खरं तर अशा जागेत कुणी झोपूच नये. गॅरेजमध्ये रात्री वॉचमन किंवा ड्रायव्हर झोपत असेल तर त्याची सोय आधी दुसरीकडे करा. फटीला बारीक जाळी लावा, भोकं दीड मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, आणि कडा लाकडी पट्टीने दाबून घ्या. पन्हाळीच्या पत्र्याखाली प्रत्येक लाटेखाली वेगळी पोकळी असते, तीही झाकली गेली पाहिजे. मुंबई-पुण्यात स्लॅबच्या घरात राहत असाल तर वळचणीचा प्रश्नच नाही. शहरातला मलेरियाचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, तिथे गच्चीवरच्या टाकीचं झाकण तपासा.