अमेरिकेंतील हंगेरियन नभोवाणी व तिचीं साधनें

परदेशीं वसलेल्या समाजाचा इतिहास लिहूं पाहणारा संशोधक प्रथम त्याचीं वृत्तपत्रें, चर्चच्या नोंदवह्या व मंडळांचीं दप्तरें धुंडाळतो. अमेरिकेंतील हंगेरियनांविषयीं हीं साधनें पुष्कळ आहेत. ओहायो राज्यांतील क्लीव्हलंड येथें १८९१ सालीं ‘सॉबॉदशाग’ म्हणजे ‘स्वातंत्र्य’ हें वृत्तपत्र निघालें, १८९२ सालीं सेंट एलिझाबेथचें कॅथलिक चर्च स्थापन झालें व १९०२ सालीं लायोश कोशूत याचा पुतळा उभारला गेला. परंतु पुढील पिढीनें जी नभोवाणी ऐकली, तिच्या साधनांचा विचार झाल्यावांचून हा इतिहास पुरा होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आवाज टिपून ठेवण्याची कला हंगेरियनांस नवी नव्हती. ता. २० सप्टेंबर १८९० रोजीं तुरीन येथें परागंदा स्थितींत राहणाऱ्या वृद्ध कोशूतचें भाषण फोनोग्राफवर घेण्यांत आलें. त्याचा कांहीं भाग, झिजलेला कां होईना, आजही ऐकूं येतो. १८९३ सालीं बुडापेस्ट येथें तिवादार पुश्काश यानें टेलिफोनच्या तारेवरून वर्गणीदारांस बातम्या ऐकविण्याची योजना सुरू केली. तेथील नियमित नभोवाणी १ डिसेंबर १९२५ पासूनची.

अमेरिकेंत रीत निराळी. स्थानिक खासगी केंद्राकडून आठवड्यांतील एखादा तास विकत घ्यावयाचा व खाटीक, बेकरीवाला, दुकानदार यांच्या जाहिरातींतून त्याची किंमत भागवावयाची. त्या तासांत गाणीं, चर्चच्या सूचना, नाटकांच्या व मृत्यूच्या वार्ता येत. तबकड्या क्वचितच घेतल्या जात. यामुळें १८९० मधील एका पुरुषाचा आवाज उरला. परंतु १९३० नंतर घरोघर ऐकला गेलेला निवेदकाचा आवाज बव्हंशीं लोपला.

डिसेंबर १९४१ मध्यें हंगेरीनें अमेरिकेशीं युद्ध पुकारलें व ही भाषा शत्रूची ठरली. १९४२ पासून परभाषी कार्यक्रमांवर देखरेख बसली. मजकूर इंग्रजी भाषांतरासह आगाऊ दाखवावा लागे व लिहिल्याबाहेर बोलण्यास मनाई असे. जें पूर्वीं तोंडीं चाले, तें अशा रीतीनें कागदावर आलें. मात्र हा कागद परीक्षकाच्या डोळ्यांसाठीं सिद्ध झालेला आहे. निवेदकाची उत्स्फूर्त थट्टा, त्याचा उच्चार, त्याची गांवठी बोली त्यांत नाहीं. संशोधकानें त्यास नक्कल समजावें, असल नव्हे.

१९५६ च्या उठावानंतर सुमारें दोन लक्ष लोकांनीं हंगेरी सोडली. त्यांपैकीं तीस हजारांहून अधिक अमेरिकेंत आले. १९१४ पूर्वीं आलेल्यांत खेडुतांचा भरणा होता, तर नव्यांत शहरी व शिक्षित पुष्कळ. त्या सुमारास ध्वनिफीतही सुलभ झाली होती. या दोन पिढ्यांची भाषा कोठें जुळली व कोठें अडली, ह्याचा पुरावा वृत्तपत्राच्या संस्कारित गद्यांत मिळत नाहीं. तो फितींतच शोधावा लागतो.

येथेंच संग्राहकांस आमची विनंती आहे. जुन्या तबकड्यांवरील लाखेसारखा लेप तडकतो. युद्धकाळीं ॲल्युमिनियमच्या टंचाईमुळें कांहीं तबकड्या कांचेवर केल्या गेल्या, त्या सहज फुटतात. जाणत्याकडून प्रत होईपर्यंत त्या वाजवूं नयेत. वेष्टनावरील टिपण टाकून देऊं नये, कारण दिवस व निवेदक बहुधा तेवढ्यावरूनच ठरतो. पोथी उद्यां वाचूं म्हणून ठेवतां येते. ह्या साधनांस तेवढा अवधि नाहीं.