फाइल-उघडणी, कीबोर्डवरून

टेक्स्ट एडिटरमध्ये माउसला हात न लावता, नावातली चारदोन अक्षरे टाइप करून हवी ती फाइल उघडण्याची सोय. प्रोग्रामरांसाठी निघालेली ही युक्ती देवनागरी फाइलनावांवरही चालते. चालते कशी आणि अडते कुठे, हे पाहण्याजोगे आहे.

बिल जॉय यांच्या १९७६ च्या व्हीआय या एडिटरमध्ये आणि ब्रॅम मोलेनार यांच्या १९९१ च्या विममध्ये फाइल उघडायची तर विसर्गासारखे दोन टिंब, ई आणि नाव टाइप करावे लागते. ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरमध्ये त्यासाठी कंट्रोल-एक्स, कंट्रोल-एफ. विम आणि ईमॅक्समध्ये टॅब दाबला की अर्धे नाव पुरे होते. पण सुरुवातीची अक्षरे आणि फोल्डरचा मार्ग ठाऊक हवा. मॅकवरच्या टेक्स्टमेटने (२००४) ही अट सैल केली. सब्लाइम टेक्स्ट आणि पुढे व्हीएस कोड (२०१५) यांनी कंट्रोल-पी दाबून फाइल शोधण्याची सोय घरोघरी नेली. नावापुढे दोन टिंब आणि आकडा दिला की थेट त्या ओळीवर उडी.

या शोधाला अक्षरे सलग लागत नाहीत, क्रम तेवढा बरोबर हवा. सलग किंवा शब्दारंभी जुळलेली अक्षरे असतील, तर ते नाव यादीत वर येते.

कल्याणच्या इतिहासाच्या टिपणांचा फोल्डर घ्या: ‘दुर्गाडी’, ‘काळा-तलाव’, ‘कल्याण-रेल्वे-१८५४’. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, हलन्त हे सारे स्वतंत्र चिन्ह म्हणून साठवले जाते. ‘कल्याण’ म्हणजे सहा चिन्हे: क, ल, हलन्त, य, काना, ण. त्यामुळे ‘कलयण’ टाइप केले तरी नाव सापडते. ‘दरगड’ म्हटल्यावर दुर्गाडी, ‘कळत’ म्हटल्यावर काळा तलाव. काना-मात्रा गाळून लिहिणाऱ्याला मराठीच्या बाई गुण देणार नाहीत, एडिटर मात्र फाइल देतो.

अडचण कीबोर्डची. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकातला इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू ठेवून विमची आज्ञा द्यायला जावे, तर दोन टिंबांच्या जागी ‘छ’ आणि ईच्या जागी काना जातो. ‘छा’ ही आज्ञा विमला कळत नाही आणि फाइल काही उघडत नाही. ईमॅक्स इथे शहाणा. त्याचा स्वतःचा इनस्क्रिप्ट कंट्रोल आणि उलट्या तिरक्या रेघेने चालू-बंद होतो, आणि फक्त मजकुराला लागू पडतो. आज्ञा इंग्रजीच राहतात.

दुसरी अडचण खास मराठीची: ‘किनाऱ्या’तला ऱ. तो कुणी खाली टिंब (नुक्ता) असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितो, कुणी साध्या ‘र’ला हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावे. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल-प्रणालीत तर फाइलनाव साठवताना ‘ऱ’ची फोड ‘र’ अधिक नुक्ता अशी होई. म्हणून ‘खाडीकिनाऱ्याचा-नकाशा’ शोधताना ते अक्षरच वगळावे. ‘खडनकश’ एवढ्यावर तिन्ही प्रकारची नावे यादीत येतात.