मुलांच्या जहाजावर प्रौढांची पंगत
जुन्या काळी अनेक प्रवासी आगबोटींवर मुलांची जेवणे आधी आणि वेगळी उरकली जात, त्यामुळे भोजनगृह प्रौढांचेच असे गृहीत धरले जाई. १९९८ मध्ये निघालेल्या 'डिस्ने मॅजिक' या प्रवासी जहाजाने हे गृहीतक उलटे केले. तेथे फिरती भोजनव्यवस्था आली, म्हणजे रोज रात्री उपाहारगृह नवे, पण टेबल-सोबती आणि वाढपी तेच. 'अ‍ॅनिमेटर्स पॅलेट' या उपाहारगृहात तर जेवण चालू असताना भिंतींवरील कृष्णधवल चित्रे हळूहळू रंगीत होत. मुले नसलेल्या जोडप्यांना सहसा तशाच जोडप्यांशेजारी बसवीत, आणि ज्यांना एवढाही गोतावळा नको असे, त्यांच्यासाठी 'पालो' हे केवळ प्रौढांचे इटालियन उपाहारगृह होते, अर्थात वेगळे शुल्क भरून. २०११ च्या 'डिस्ने ड्रीम' या जहाजावर 'रेमी' या फ्रेंच भोजनगृहाची भर पडली. गंमत अशी की, मुलांना मज्जाव असलेल्या या दालनाला नाव मात्र मुलांच्या चित्रपटातील स्वयंपाकी उंदराचे आहे.